परतीची तार

जऊळका रेल्वे गावात एक सुतार होता. गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा लाइनीवरचं. सुताराला सगळे मिस्त्री म्हणत आणि त्याच्या वडिलांना मोठे मिस्त्री. खरी नावं रेशनकार्डावर असतील तेवढीच. मोठ्या मिस्त्रींनी उमेदीच्या काळात बैलगाड्या केल्या, तिफणी केल्या, वखर केले. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं. मग दारं-चौकटी आल्या. पुढे चौकटीही लोखंडी होऊ लागल्या, तेव्हा धाकट्या मिस्त्रीनं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये सीएनसी राउटर उभा केला.

उभा केला म्हणजे विकत आणला नाही, जुळवला. तयार मशीनचा भाव त्यानं विचारला होता आणि विचारून गप्प बसला होता. अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन, तीन बॉलस्क्रू, तीन स्टेपर मोटरी, प्रत्येक मोटरीमागे एक ड्रायव्हर, आणि सगळ्यांवर हुकूम चालवायला तळहातावर मावेल एवढं अर्डुइनोचं बोर्ड. बोर्डात ग्रबल नावाचा प्रोग्राम. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी तो २००९ मध्ये लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. लॅपटॉपवर नक्षी काढायची, प्रोग्रामला द्यायची, की फिरतं बिट सागाच्या फळीत उतरतं आणि वेल, मोर, जाळी जे काही असेल ते कोरत जातं. मोठ्या मिस्त्रींना पटाशीनं चार दिवस लागायचे ते काम दुपारपर्यंत हातावेगळं. मोठे मिस्त्री सुरुवातीला बाजेवर बसून बघायचे. पुढे पुढे त्यांनी बघणंही सोडलं. आवाज फार होतो म्हणायचे.

मशीनची ठेवण जरा समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. चार फूट लांबीचा पाट. त्यावर एक आडवा पूल, तो लांबीच्या दिशेनं मागेपुढे जातो. त्या दिशेला वाय म्हणायचं. पुलावर स्पिंडल डावी-उजवीकडे सरकतो, ती एक्स. स्पिंडल वरखाली होतो, ती झेड. आता एक्सची मोटर पुलावरच बसवलेली, म्हणजे पूल जाईल तिकडे तिला जाणं भाग, आणि तिच्या मागोमाग तिच्या वायरीलाही. ती वायर कुठे अडकू नये म्हणून पाटाच्या कडेनं काळ्या प्लॅस्टिकची साखळी लावलेली असते. वायर त्या साखळीच्या पोटातून जाते. पूल पुढे गेला की साखळीचं वळण पुढे सरकतं, मागे आला की मागे. लॅपटॉपचं टेबल पाटाच्या अलीकडच्या टोकाशी, दाराजवळ, कारण तिथे जरा वारा यायचा.

शेडमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली एक पोट्टा होता, जवळच्या तांड्यावरचा. बारावी करून आयटीआयला नंबर लागला नाही म्हणून कामाला आलेला. फळ्या धरायच्या, भुसा काढायचा, आणि मशीन चालू असताना उभं राहून नजर ठेवायची, हे त्याचं काम. मिस्त्री स्वभावानं वाईट नव्हता. मजुरी वेळेवर द्यायचा, चहा सोबत प्यायचा. पण एक खोड होती. तो सांगून मोकळा व्हायचा. "ती फळी तिकडून घे, चार इंची सोड, कडा मार," असं म्हणत तो बोलता बोलताच दुसरीकडे निघालेला असायचा. समोरचा काही म्हणाला तर "माहीत हाय ना रे" हे उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत तयार. बायकोलाही तेच, गिऱ्हाइकालाही तेच. बोलणं पोचलं का, झालं का, हे मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती. सांगितलं म्हणजे झालं.

चैत्र संपत आला होता. मालेगावच्या एका गिऱ्हाइकाचा देव्हारा घेतलेला: सागवानी, दोन्ही बाजूंना जाळी, मागे मोठ्या फळीवर वेलबुट्टीची महिरप. वास्तुशांत अक्षय तृतीयेची. अ‍ॅडव्हान्स घेऊन झाला होता आणि तो सागात गेलाही होता.

बाजूच्या लहान जाळ्या निघाल्या. त्या अलीकडच्या अर्ध्या पाटातच बसत होत्या. त्या निघत असतानाच, पूल मोकळा मागे-पुढे नेऊन बघताना, पोट्टा म्हणाला होता, "भाऊ, पूल तिकडच्या टोकाले गेला का एक्सची मोटर घरघर करते."

"भुसा असन. हवा मार."

पोट्ट्यानं कॉम्प्रेसरची हवा मारली. पुन्हा काही म्हणायला तोंड उघडलं, तोवर मिस्त्री फोनवर होता.

मग मोठी फळी चढवली. पहिला तासभर सुरळीत गेलं. वेलीचं खालचं वळण इतकं सुबक आलं की मिस्त्रीनं मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला. तो चहा प्यायला घरात गेला आणि पाच मिनिटांत पोट्ट्याची हाक आली. येऊन बघतो तो काय, पूल आपला पुढे चाललाय, बिट फिरतंय, पण स्पिंडल डावीकडे नाही की उजवीकडे नाही. जागच्या जागी थरथरतोय. मोटरीतून घुंऽऽ असा आवाज. वेलीचं पान जिथे वळायला हवं होतं तिथे बिट नाकासमोर सरळ गेलेलं, पानं, कळ्या, देठ सगळं मधोमध चिरत. अडीच फुटांची फळी वाया. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक्सचा आकडा मात्र सुरेख बदलत होता: सव्वाशे, एकशे तीस, पुन्हा सव्वाशे. जणू पान व्यवस्थित कोरलं जातंय.

आणीबाणीचं बटण दाबून मिस्त्रीनं मशीन बंद केलं आणि पहिल्यांदा पोट्ट्याकडे पाहिलं.

"हवा मारतानी वायर वढली तू."

"नाई भाऊ, म्या साखळीले हातच..."

"माहीत हाय ना रे मले!"

हे सगळं शेजारी खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकासमोर झालं. पोट्टा काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत काम केलं, भुसा भरला, शेड झाडली, आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

त्यानंतर मिस्त्रीनं जे केलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलं असतं. त्यानं वस्तू बदलायला सुरुवात केली. आधी कपलिंगचे स्क्रू अ‍ॅलन-कीनं आवळले, कारण मोटर फिरते पण स्क्रू फिरत नाही असंही होतं. ते घट्टच होते. मग बॉलस्क्रूला ग्रीस. मग अकोल्याला गाडीनं जाऊन नवी मोटर आणली. बसवली, लॅपटॉपसमोर उभं राहून एक्स डावीकडे पळवली, उजवीकडे पळवली. लोण्यासारखी चालली. "मोटरच होती," तो बायकोला म्हणाला. नवी फळी चढवली. अर्ध्या फळीवर पुन्हा घुंऽऽ.

मग ड्रायव्हर. तो पार्सलनं मागवला. बसवला, पुन्हा लॅपटॉपसमोर उभं राहून चालवून पाहिलं, चालला. काम लावलं, अडला. तेव्हा वैतागून त्यानं सप्लाय चालू असतानाच मोटरीची पिन उपसली. स्टेपरच्या ड्रायव्हरला याहून मोठा शत्रू नाही. चालू ड्रायव्हरची मोटर अशी काढली की गुंडाळीतला विजेचा झटका उलटा येतो आणि आतली चिप जळू शकते. जळलीच. आता एका बिघाडाचे दोन झाले. जुना ड्रायव्हर परत लावला. त्याच रात्री सेटिंगमधला वेग कमी केला, अ‍ॅक्सिलरेशन निम्मं केलं, सप्लायचे व्होल्ट थोडे वाढवले. काय केल्यानं काय झालं हे त्यालाच आता सांगता आलं नसतं.

सागाच्या दोन फळ्या गेल्या होत्या आणि अक्षय तृतीया जवळ आली होती.

गावात एक मामा होते, रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी म्हणून लागलेले आणि तिथूनच निवृत्त झालेले. लाइन मीटरगेज होती तेव्हापासूनची नोकरी. २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली तेही त्यांनी पाहिलेलं. खुर्चीचा हात निखळला म्हणून ते खुर्ची घेऊन शेडमध्ये आले. मिस्त्री त्या वेळी डोक्याला हात लावून बसला होता आणि मशीन रिकामंच, बिट काढून, तीच नक्षी हवेत कोरत होतं. पूल दूर गेला, स्पिंडल थबकला, घुंऽऽ सुरू झालं.

मामा आधी मशीनकडे बघत राहिले, मग पडद्याकडे.

"हे अडलं नं?"

"अडलं मामा."

"मंग हा आकडा काऊन पळून राह्यला?"

"थो कॉम्प्युटरचा आकडा हाय. एक्स कुठी हाय ते सांगते."

"त्याले कोनं सांगतलं, एक्स कुठी हाय म्हून?"

मिस्त्री बोलायला गेला आणि थांबला. त्याला माहीत होतं, पण असं कुणी विचारलं नव्हतं. स्टेपर मोटरीचा एक फेरा म्हणजे दोनशे पावलं. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ तुकडे करतो, म्हणजे सोळाशे. बॉलस्क्रू एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकतो. म्हणून एक मिलिमीटर जायचं तर बोर्डानं तीनशेवीस ठोके पाठवायचे. पडद्यावरचा आकडा हा त्या पाठवलेल्या ठोक्यांचा हिशेब. मोटर खरोखर किती फिरली हे बोर्डाला कळायची सोयच नाही. ठोके पाठवले की त्याच्या दृष्टीनं स्पिंडल पोचला.

"त्याले कोनीच नाई सांगत," मिस्त्री म्हणाला. "तो सोताच मानून घेते."

मामा हसले. खुर्ची उलटी करून तिच्यावरच बसले.

"आमचा आउटर सिग्नल ठेसनातून दिसतच नव्हता, वळणापल्याड. लिव्हर इथं, सिग्नलचा हात तिथं दूर, मधात नुस्ती तार. पुल्यांवरून जमिनीलगत गेलेली. उन्हायात दुपारी तार लांबे. लिव्हर पुरा वढला, खटकन बसला, वढणाऱ्याले वाटे सिग्नल पडला. तिथं हात अर्धाच लोंबून राह्यलेला. गाडीवाला शिट्ट्या मारून राह्यला, आन हे इथं म्हनतात, म्या त देला ना सिग्नल!"

"मंग?"

"मंग काय. तार आवळाची. सकाळी येगळी, दुपारी येगळी, थे माहं काम. पन तार आवळली हे बी लिव्हरवाल्याले कसं समजावं? म्हून जिथं हात दिसत नाई तिथं तिकडून एक दुसरी, इजेची तार आनत. हपिसात भितीवर एक लहानसा सिग्नल राहे, रिपीटर. तिकडचा हात खरंच पडला तरच इकडचा पडन. एक तार हुकमाची, एक तार परतीची." त्यांनी मशीनकडे बोट केलं. "याची परतीची तार कुठी हाय?"

नव्हती. या स्वस्तातल्या मशिनींना ती नसतेच. गंमत अशी की अगदी पहिल्या यंत्राला होती. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम लॅबोरेटरीनं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, त्यात टेबल खरंच किती सरकलं याची खबर उलटी येत होती आणि हुकमाशी ताडून पाहिली जात होती. कारखान्यातल्या महागड्या मशिनींत आजही येते. हौशी माणसाला परवडावं म्हणून जे जे गाळलं गेलं त्यात ही खबरही गेली. बहुतेक वेळा तिच्यावाचून अडत नाही, आणि अडतं तेव्हा यंत्र तोंडानं सांगत नाही.

मामांना सीएनसीतलं काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण बिघाड शोधणं हा त्यांचा जन्माचा धंदा. ते प्रश्न विचारत गेले.

"तू नवी मोटर लावली, मंग चालवून पाह्यली. कुठी उभं राहून?"

"इथंच. लॅपटॉपजवळ."

"पूल कुठी होता?"

"इथंच. अलीकडं."

"आन बिघडते कुठी?"

मिस्त्री गप्प.

"दिसभर मशीनजवळ कोन उभं राह्यते?"

याचंही उत्तर द्यायची गरज नव्हती. पूल तिकडच्या टोकाला गेला की घरघर करते, हे वाक्य मिस्त्रीला शब्दन् शब्द आठवलं. वाक्य पुरं ऐकलं होतं, आणि त्यावर आपण काय म्हणालो तेही.

त्यानं पूल हातानं चालवत पलीकडच्या टोकाला नेला आणि लॅपटॉपवरून एक्सला हलायला सांगितलं. घुंऽऽ. पूल अलीकडे आणला. एक्स सुरळीत. पुन्हा पलीकडे, पुन्हा घुंऽऽ. इतके दिवस जो बिघाड मनाला येईल तेव्हा येतो आणि जातो असं वाटत होतं, तो एका ठरलेल्या जागी ठाण मांडून बसला होता.

"आता यात एकसारख्या दोन वस्तू कोनत्या?" मामांनी विचारलं.

"एक्सचा ड्रायव्हर आन वायचा. सारखेच हाय."

"अदलाबदल कर. पन एका टायमाले एकच. चार गोष्टी एकदम बदलशीन त चोर कोन होता थे देवाले बी समजनार नाई."

या वेळी मिस्त्रीनं आधी सप्लाय बंद केला, प्लग काढला, दोन मिनिटं थांबला. मग एक्सच्या मोटरीची वायर वायच्या ड्रायव्हरला आणि वायची एक्सच्या ड्रायव्हरला. पूल पलीकडे. आता लॅपटॉपवर वायचं बटण दाबलं की हलायला हवी होती एक्सची मोटर. तीच थरथरली. ड्रायव्हर बदलला तरी दुखणं मोटरीबरोबर गेलं. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष. बिचारा एक तर विनाकारण जळून गेला होता.

"मंग मोटर?" मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. मोटर तर नवीच. जुनी आणि नवी, दोघींना एकच रोग कसा होईल?

आता राहिली मधली वायर. मोटरीच्या चार तारा पुलावरच्या कनेक्टरपर्यंत, आणि तिथून पुढे साखळीतून ड्रायव्हरपर्यंत एक लांब वायर. मोटर बदलली तेव्हा कनेक्टरच्या अलीकडचं बदललं होतं. साखळीतली वायर होती तिथेच होती. मिस्त्रीनं घरातून चार तारा आणल्या, साखळीच्या बाहेरून, जमिनीवरून लोंबत, थेट मोटरीला जोडल्या. पूल पलीकडच्या टोकाला नेला. एक्स चालली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अगदी हवी तशी.

मग त्यानं साखळी उघडली, आतली वायर बाहेर काढली, मल्टिमीटरला लावली आणि बोटांनी एकेक इंच वाकवत गेला. काळी: पीं. हिरवी: पीं. निळी: पीं. लाल तारेवर एका ठिकाणी बोट वाकलं आणि आवाज बंद झाला. सरळ केली की पीं. वाकवली की बंद. पूल पलीकडच्या टोकाला गेला की साखळीचं वळण नेमकं त्या जागेवर यायचं, तार आत उघडायची, मोटरीच्या दोन गुंडाळ्यांतली एक मेल्यासारखी व्हायची. एका गुंडाळीवर स्टेपर फिरत नाही; जागच्या जागी थरथरतो आणि घुं करतो. मिस्त्रीनं ब्लेडनं प्लॅस्टिक सोललं. बाहेरून वेष्टण शाबूत, लाल, चकचकीत. आत तांब्याचे जाड काडे तुटून एकमेकांच्या टोकांना टेकलेले.

मामांनी तो तुकडा चष्म्याजवळ नेला. "ही वायर कोनाची?"

ती शेतातल्या पंपाच्या फिटिंगमधून उरलेली होती. साखळीत सतत वाकणाऱ्या जागी बारीक बारीक, केसासारख्या तारांची मऊ वायर लागते. जाड काड्यांची वायर भिंतीत शंभर वर्षं टिकेल, पण रोज वाकवली तर तुटणारच. मऊ वायरीचे पैसे वाचवायला ती मिस्त्रीनंच भरली होती, मशीन जुळवलं तेव्हा. त्या वेळी पोट्टा कामाला लागलेलाही नव्हता.

मामा आणखी काही बोलले नाहीत. खुर्चीचा हात तेवढा बसवून घेतला, पैसे विचारले, मिस्त्रीनं नको म्हटल्यावर दहाची नोट पटाशीखाली ठेवून गेले.

संध्याकाळी मिस्त्री गाडी काढून तांड्यावर गेला. पोट्टा घरासमोर सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यावर बसून मोबाइल बघत होता. त्याची आई मिस्त्रीला बघून आत गेली आणि पाणी घेऊन आली. पोट्टा उठला नाही. मिस्त्रीनं खिशातून तो लाल तारेचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला.

"वायर म्याच टाकली व्हती. पंपाची."

पोट्ट्यानं तुकडा घेतला, वाकवला, सरळ केला.

"तू सांगतलं व्हतं मले," मिस्त्री म्हणाला. "चल उद्यापासून."

"त्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकासमोर मले चोर केलं तुमी."

"केलं."

"त्याले सांगान?"

मिस्त्रीनं तिथेच फोन लावला. खुर्चीवर बसलेलं ते गिऱ्हाईक त्या वेळी जेवत असावं, बराच वेळ उचलला नाही. उचलल्यावर मिस्त्रीनं स्पीकर लावला आणि सांगितलं की त्या दिवशी मशीन पोराच्या हातानं नव्हतं बिघडलं, माझ्याच वायरीनं बिघडलं होतं. पलीकडून "बरं बरं" असं काहीसं उत्तर आलं. त्या माणसाला हा फोन का आला ते शेवटपर्यंत कळलं नसेल.

पोट्टा एवढ्यावर आला नाही. त्यानं एक अट घातली. मशीन चालू असताना आपण 'थांबवा' म्हटलं की मशीन आधी थांबवायचं, का ते मग विचारायचं. मिस्त्री म्हणाला, "कबूल." इतक्या लवकर म्हणाला की पोट्ट्याला ते खरं वाटलं नाही.

मऊ वायर आली, साखळीत बसली, आणि या वेळी ती ओढून न ताणता, वळणाला मोकळीक देऊन बसवली. तिसरी फळी मिस्त्रीच्या पदरची. देव्हारा अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मालेगावला पोचला. त्या कामात मिस्त्रीला काही सुटलं नाही, उलट खिशातून गेलं. जुनी मोटर मात्र चांगली निघाली, ती पुढच्या मशीनसाठी कपाटात ठेवली. मोठे मिस्त्री त्या वाया गेलेल्या दोन फळ्या घेऊन बसले आणि त्यातून चार पाट, एक पोळपाट आणि नातीसाठी भोवरा काढला.

आषाढात एका डॉक्टरांच्या नावाची पाटी चालू होती. जुना, मुरलेला साग, गिऱ्हाइकानंच आणून दिलेला, त्यांच्या वाड्याच्या तुळईतला. अशी फळी पुन्हा मिळायची नाही. अर्धी अक्षरं झाली होती. मिस्त्री दाराशी उभा राहून त्याच गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता, कधी मिळेल, काय मिळेल.

"भाऊ, थांबवा!"

मिस्त्रीनं फोन कापला आणि पॉज दाबलं. पूल थांबला, स्पिंडल थांबला, पण बिट जागच्या जागी फिरत राहिलं, कारण पॉज हालचाल थांबवतो, बिट नाही. ते बंद करेपर्यंत अक्षराच्या पोटात करपल्याचा काळा डाग पडला.

"काय झालं?"

"खडखड झालं भाऊ. एक्सजवळ."

दोघांनी साखळी पाहिली. कपलिंग पाहिलं. कनेक्टर हलवून पाहिला. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. काहीही नव्हतं. मग वारा आला आणि पुन्हा खडखड झालं: शेडच्या छपराचं एक टिन, एक्सच्या बरोबर वर, खिळा निघून वाजत होतं. पोट्ट्याचा चेहरा उतरला. तो डाग बघत होता.

मिस्त्रीनंही डाग बघितला. मग शिडी कुठे आहे विचारलं. पोट्टा शिडी घेऊन वर चढला आणि टिनाला खिळा ठोकला. खालून मिस्त्रीनं पॉलिश पेपर गुंडाळून अक्षराच्या पोटात घातला आणि घासायला बसला. पाऊण तास गेला त्यात. डॉक्टरांचा फोन पुन्हा आला तेव्हा त्यानं सांगितलं, "पाटी उद्या मिळन साहेब. आज नाई होत." आणि पोट्ट्याला म्हणाला, "लाव आता. तू तिथंच उभा राह्य."